पैसे देऊनही न मिळालेली जागा : 'मूकनायक' ते शोधयंत्र

३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत 'मूकनायक' या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. लेखणी मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची होती. बाबासाहेब त्या वेळी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. पत्राच्या आरंभासाठी कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य केले होते. असे एक पत्र निघत आहे, एवढी वार्ता मराठी वाचकांपर्यंत जावी म्हणून 'केसरी'कडे जाहिरात देण्यात आली. ती फुकट छापावी अशी विनंती नव्हती. तिचे मोल देण्याची तयारी होती. तरीही 'केसरी'ने ती नाकारली. लोकमान्य टिळक तेव्हा हयात होते.

ही घटना आपण जयंतीच्या सभांतून अनेकदा ऐकलेली असते. बहुधा तिचा एकच अर्थ सांगितला जातो, तो म्हणजे तत्कालीन उच्चवर्णीय पत्रसृष्टीचा आकस. तो अर्थ बरोबरच आहे. परंतु तिच्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. 'केसरी'ने नाकारले ते बाबासाहेबांचे मत नव्हते, लेखही नव्हता. नाकारली गेली ती केवळ अस्तित्वाची वार्ता. एखादे पत्र निघते आहे हे कळले तर वाचक ते मागवील, वाचील, त्याच्याशी वाद घालील. ते कळलेच नाही तर पुढचे काहीच घडत नाही. वाचकाला मज्जाव करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे त्याला पत्ता न कळू देणे.

आज आम्ही सिंगापुरात राहून हे ऑनलाइन नियतकालिक चालवतो. आमच्या बैठकांत एक प्रश्न वारंवार निघतो : आपले लेखन शोधयंत्रात वर कसे येईल? त्यासाठी जाहिरातीवर पैसे खर्चावेत का? इतर संकेतस्थळांवरचे दुवे पैसे देऊन मिळवावेत का? हा प्रश्न तंत्राचा वाटतो. पण त्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तो आपल्याच चळवळीचा आहे. तो पाहिल्याशिवाय उत्तर देऊ नये, असे आम्हांस वाटते.

उल्लेखांची साखळी

'मूकनायक' काही शून्यातून उगवले नव्हते. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधु' काढले. गोपाळबाबा वलंगकरांनी त्यात लेखन केले आणि १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहून अस्पृश्यतेच्या धर्मशास्त्रीय आधारांनाच प्रश्न विचारले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' काढले. नागपूरकडे किसन फागूजी बनसोडे एकामागून एक पत्रे काढत राहिले. यांतील बहुतेक पत्रे अल्पायुषी ठरली. पैसा नव्हता, वर्गणीदार गरीब होते, आणि साक्षर वाचक मोजके होते.

तरीही एका पत्राने दुसऱ्याची दखल घेण्याची रीत या मंडळींनी कसोशीने पाळली. 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी 'दीनमित्र', 'जागरूक', 'डेक्कन रयत', 'विजयी मराठा', 'ज्ञानप्रकाश', 'सुबोधपत्रिका' या पत्रांचा नावानिशी उल्लेख केला. बहिष्कृतांच्या प्रश्नांची चर्चा या पत्रांत होते, हे त्यांनी मान्य केले. पण त्या प्रश्नांना पुरेल इतकी जागा तेथे मिळणे शक्य नाही, म्हणून स्वतंत्र पत्र हवे, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्याला जाहिरातीची जागासुद्धा मिळाली नाही, त्या पत्राने आपल्या पहिल्याच अंकात इतरांना जागा दिली. या गोष्टीकडे आपले लक्ष फारसे गेलेले नाही.

'मूकनायक' १९२३ मध्ये बंद पडले. ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू झाले आणि १९२९ मध्ये तेही थांबले. अंकातील चोवीस-चोवीस रकाने एकट्याने लिहून काढण्याची पाळी बाबासाहेबांवर आली होती, असे त्यांनीच 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' या लेखात नोंदवले आहे. १९२८ मध्ये 'समता', १९३० मध्ये 'जनता' आणि ४ फेब्रुवारी १९५६ पासून 'प्रबुद्ध भारत' अशी ही परंपरा पुढे गेली. प्रत्येक नव्या पत्राने मागील पत्राचा वाचक सोबत घेतला. जाहिरातीचे उत्पन्न नसतानाही ही माळ तुटली नाही, कारण ती उल्लेखांच्या, ओळखींच्या आणि वर्गणीच्या दोऱ्यात ओवलेली होती.

प्रसिद्धीचा आरोप

१९३६ सालचा प्रसंग याच विषयाचा आहे. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांना वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद दिले, भाषणाचा मजकूर पाहिला आणि परिषदच रद्द केली. व्यासपीठ गेले, बाबासाहेबांनी भाषण स्वखर्चाने छापले. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या नावाने ते प्रसिद्ध झाले. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी नोंदवल्याप्रमाणे पहिल्या आवृत्तीच्या १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. गुजराती व तमिळ भाषांतरे झाली आणि मराठी, हिंदी, पंजाबी व मल्याळम भाषांतरे चालू होती.

गांधीजींनी 'हरिजन'मध्ये या भाषणाचा परामर्श घेतला. त्यात पुस्तकाची आठ आणे किंमत अधिक आहे, असा आक्षेप होता, आणि हा मनुष्य जगाला आपला विसर पडू देणारा नव्हे, असाही एक शेरा होता. बाबासाहेबांना त्यात प्रसिद्धीच्या हव्यासाची सूचना दिसली. दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी त्याला उत्तर दिले. भाषण छापण्यामागचा हेतू लोकांना विचार करावयास लावण्याचा होता, असे सांगून त्यांनी पुढे म्हटले की, प्रसिद्धीचा हेतू असता तरी जे स्वतः काचेच्या घरात राहतात त्यांनी दगड मारू नये.

हा वाद आम्हांस आजही महत्त्वाचा वाटतो. आपल्यातील काही ज्येष्ठांना 'वर येण्याची' धडपड उथळ वाटते. काम करावे, नाव आपोआप होते, असे ते म्हणतात. बाबासाहेबांचे आचरण तसे सांगत नाही. विचार लोकांसमोर नेण्याची व्यवस्था करणे हा त्यांच्या लेखी विचाराचाच भाग होता. गांधीजींचे टीकालेख आणि पंजाबातील मंडळाशी झालेला पत्रव्यवहार त्यांनी आपल्याच पुस्तकात छापला. विरोधकाचा मजकूरही वाचकाच्या हाती द्यावा आणि निर्णय त्याच्यावर सोपवावा, ही त्यामागची भूमिका होती. आजच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी विरोधकालाही दुवा दिला.

जाहिरातीचा दरवाजा कोणाच्या हाती?

'केसरी'च्या नकाराकडे बाबासाहेबांनी कधी केवळ व्यक्तिगत अपमान म्हणून पाहिले नाही. १९४० च्या दशकातील इंग्रजी लेखनात त्यांनी त्यामागची यंत्रणा उलगडून दाखवली. अस्पृश्यांना स्वतःची वृत्तपत्रे का नाहीत, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर आर्थिक होते. जाहिरातीच्या उत्पन्नावाचून कोणतेही पत्र जगत नाही. जाहिरात व्यापाऱ्यांकडून येते. आणि हिंदुस्थानातील लहानमोठा व्यापारी वर्ग काँग्रेसशी बांधलेला असल्याने तो इतरांना आधार देणार नाही. वृत्तसंस्थेच्या कचेऱ्यांत कोण बसते, यावर बाहेरच्या जगाला कोणती बातमी कळते हे ठरते, हेही त्यांनी दाखवून दिले. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात दिलेल्या 'रानडे, गांधी आणि जीना' या भाषणात त्यांनी एकेकाळचा हा पेशा आता साबण बनवण्यासारखा धंदा झाला असल्याची खंत व्यक्त केली.

जागेची किंमत कोण ठरवतो आणि ती कोणाला परवडते, हा तो प्रश्न. तो छापील पत्रांबरोबर संपला नाही.

सिंगापूरचा धडा

आपण ज्या बेटावर राहतो तेथेही हाच इतिहास वेगळ्या भाषेत घडला आहे. मलाया आणि सिंगापूरकडे मजूर म्हणून आलेल्या तमिळ लोकांबरोबर अस्पृश्यताही जहाजातून आली. नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरमधील इतिहासकार जॉन सॉलोमन यांनी १८७२ ते १९६५ या काळातील त्या अस्पृश्यतेचा आणि तिच्या हळूहळू दिसेनासे होण्याचा इतिहास २०१६ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. १९२९च्या अखेरीस पेरियार ई. व्ही. रामसामी या भागाच्या दौऱ्यावर आले होते. पुढे येथे तमिळ सुधारणा संघटना उभी राहिली आणि १९३५ मध्ये 'तमिळ मुरसु' हे पत्र निघाले. गो. सारंगपाणी यांनी ते वाढवले. ते आजही चालू आहे. आपल्या माणसांचा प्रश्न दुसऱ्याच्या पत्रात मावत नाही, हे 'मूकनायक'कारांना मुंबईत जे उमगले तेच येथील तमिळ सुधारकांनाही उमगले.

पुढचे पाऊलही याच लोकांनी टाकले. १९९५ मध्ये सिंगापूरच्या चारही राजभाषांतील, म्हणजे मलय, चिनी, तमिळ व इंग्रजी कविता इंटरनेटवर मांडण्याचा उपक्रम झाला. त्यात तमिळ लेखक ना. गोविंदसामी आणि येथील विद्यापीठातील तान तिन वी यांचा पुढाकार होता. भारतीय भाषांना इंटरनेटवर जेमतेम जागा मिळू लागली होती, तो हा काळ. १९९७ मध्ये जगभरातील तमिळ संगणकतज्ज्ञांची परिषद सिंगापुरातच भरली आणि निरनिराळ्या फाँटांमुळे एकाचे लिहिलेले दुसऱ्याला वाचता येत नाही, या अडचणीवर तेथे चर्चा झाली. संकेतस्थळाचे नाव रोमन लिपीखेरीज इतर लिप्यांतही लिहिता यावे यासाठी तान तिन वी यांच्या गटाने १९९८ च्या सुमारास काम केले. ऑगस्ट २०१४ मध्ये '.भारत' हे देवनागरी डोमेन नाव सुरू झाले. त्यामागच्या तंत्राची एक मुळी या बेटावर आहे.

मराठी आंबेडकरी साहित्याने या तुलनेत फार उशीर केला. आपली कितीतरी नियतकालिके, स्मरणिका आणि पुस्तके जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांत जुळवली गेली, किंवा पानांची छायाचित्रे काढून तशीच ठेवली गेली. मनुष्याला ती वाचता येतात; शोधयंत्राला मात्र तेथे अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे अथवा कोरे चित्र दिसते. कोणी नकार दिला नाही, तरीही आपला मजकूर अदृश्य राहिला. ही अदृश्यता 'केसरी'ने लादलेली नाही. ती दूर करणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.

दुवा म्हणजे साक्ष

शोधयंत्राची आजची रीत १९९८ च्या सुमारास ठरली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या विद्यार्थ्यांनी विद्वानांच्या जगातील एक जुनी पद्धत उचलली. ज्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर अभ्यासक करतात तो महत्त्वाचा मानला जातो. आणि उल्लेख करणारा स्वतः मान्यवर असेल तर त्याचा उल्लेख अधिक वजनाचा. हाच न्याय त्यांनी संकेतस्थळांना लावला. एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा ही एक साक्ष. साक्षीदार जितका विश्वासू, तितकी साक्ष भारी. 'गुगल'चा पाया हा आहे.

त्याच वर्षीच्या आपल्या निबंधात या दोघांनी एक इशाराही दिला होता : जाहिरातीवर चालणारे शोधयंत्र जाहिरातदाराकडे झुकेल आणि वाचकाच्या गरजेपासून दूर जाईल. पण १९९८ मध्येच 'गोटू' या अमेरिकन कंपनीने शोधशब्दांचा लिलाव सुरू केला होता. जो अधिक बोली लावील त्याचे नाव वर. ऑक्टोबर २००० मध्ये गुगलनेही 'ॲडवर्ड्स' या नावाने जाहिराती घेण्यास आरंभ केला आणि २००२ पासून लिलावाची पद्धत स्वीकारली. केवळ बोलीवर तेथे स्थान ठरत नाही. जाहिरात शोधाला किती अनुरूप आहे, हेही पाहिले जाते. पैसे द्यावे लागतात ते कोणी क्लिक केले तरच. जून २००२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने शोधयंत्र कंपन्यांना पत्र लिहून, पैसे घेऊन दाखवलेले निकाल वाचकाला स्पष्टपणे वेगळे ओळखू आले पाहिजेत, असे बजावले.

साक्षीला किंमत आली की खोटे साक्षीदारही येतात. दुव्यांची विक्री सुरू झाली. फेब्रुवारी २०११ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जे. सी. पेनी या अमेरिकेतील बड्या दुकानसाखळीसाठी हजारो असंबद्ध संकेतस्थळांवर दुवे पेरले गेल्याचे उघड केले. गुगलने त्या दुकानाला निकालांत खूप खाली ढकलले. एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' नावाचा बदल करून अशा विकत घेतलेल्या दुव्यांवर सरसकट कारवाई करण्यात आली. त्याआधी, २००५ मध्ये, 'या दुव्याला साक्ष मानू नये' असे सांगणारी एक खूण रूढ झाली होती आणि २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने आपल्या बाहेर जाणाऱ्या दुव्यांना ती लावली.

थोड्या पैशांत शेकडो दुवे मिळवून देण्याचे प्रस्ताव आमच्यासारख्या छोट्या मंडळाकडेही येतात. आमचे उत्तर नकाराचे आहे. पकडले गेल्यास नुकसान होते, हे कारण आहेच. पण मुख्य कारण दुसरे आहे. पंचशील ग्रहण करताना आपण असत्य वचनापासून दूर राहण्याचे शिक्षापद घेतो. ज्याने आपले पान वाचलेच नाही त्याच्याकडून 'हे वाचनीय आहे' अशी साक्ष विकत घेणे हे असत्य वचनच होय.

मग जाहिरात?

जाहिरातीचे तसे नाही. जाहिरात आपण जाहिरात असल्याचे सांगते. बाबासाहेबांनीही 'केसरी'ला पैसे देऊ केले होते, हे विसरू नये. मात्र तिची मर्यादा ओळखली पाहिजे. पैसे संपले की जागा संपली. शिवाय बोली लावण्यात आपण मोठ्या व्यापाऱ्यांपुढे टिकणार नाही. १९४० च्या दशकातील ते विश्लेषण येथे जसेच्या तसे लागू पडते. एखाद्याच्या धर्मश्रद्धेवरून त्याला हेरून जाहिरात दाखवण्यास गुगलच्या धोरणात मनाई आहे, म्हणजे 'सिंगापुरातील बौद्धांना दाखवा' असे सांगता येत नाही. लोक काय शोधतात त्या शब्दांवरच विसंबावे लागते.

आणि सिंगापुरात 'बौद्ध' हा शब्द फार मोठा आहे. २०२० च्या जनगणनेनुसार १५ वर्षांवरील रहिवाशांपैकी ३१.१ टक्के लोक बौद्ध आहेत. लिटल इंडियात वाणसामान घेऊन आपण रेसकोर्स रोडवर वळलो की १९२७ साली थायी भिक्खू वुत्थिसार यांनी स्थापलेले शाक्यमुनी बुद्धगया मंदिर लागते. सेंट मायकल्स रोडवर सिंहली परंपरेचे श्री लंकारामय विहार आहे. चिनी महायान विहार तर ठिकठिकाणी आहेत. आपल्यासाठी ही आनंदाची गोष्ट आहे. पण नव्याने आलेले एखादे कुटुंब 'बौद्ध', 'सिंगापूर' एवढेच शब्द टाकून शोधू लागले तर त्याला नागपूरच्या दीक्षाभूमीशी नाते सांगणारे कोणी येथे आहे, हे कळणार नाही. त्या कुटुंबातील मूल बाबासाहेबांविषयी शोधील तेव्हा त्याला कोण भेटेल, हे आपण काय लिहिले आणि कोठे ठेवले यावर अवलंबून आहे.

म्हणून आमचा अभिप्राय असा. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, १४ ऑक्टोबर आणि ६ डिसेंबर या दिवसांच्या कार्यक्रमांपुरती अल्प जाहिरात करावी, कारण तेथे वार्ता वेळेत पोहोचणे महत्त्वाचे असते. नोंदणीकृत ना-नफा संस्थांना गुगल २००३ पासून शोध-जाहिरातींसाठी मदत देते. तिची मर्यादा महिना १०,००० अमेरिकी डॉलर मूल्यापर्यंत आहे. आपल्या संस्थांनी नोंदणीची कागदपत्रे नीट ठेवून तिचा विचार करावा. वर्गणीचा उरलेला पैसा आणि आपला बहुतेक वेळ मात्र मजकुरावर खर्च व्हावा.

ज्यांनी मजकूर खुला केला

वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन व भाषणे खंडशः प्रसिद्ध केली. १९९० मध्ये 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' यांचे अंक ग्रंथरूपाने आले. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापिका फ्रान्सिस प्रिचेट यांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' टिपांसह संकेतस्थळावर मांडले. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर इंग्रजी खंड ठेवले गेले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला साठ वर्षे झाल्यानंतर, १ जानेवारी २०१७ पासून, त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेले लेखन भारतात स्वामित्वहक्कातून मुक्त झाले. 'राउंड टेबल इंडिया'सारखी संकेतस्थळे आपल्या लोकांनी उभी केली. २०२१ मध्ये मीना कोटवाल यांनी 'द मूकनायक' सुरू करून ते जुने नाव पुन्हा वाचकांसमोर आणले. यांपैकी कोणाचेही महत्त्व दुव्यांच्या खरेदीतून आलेले नाही. मूळ मजकूर तेथे होता, म्हणून अभ्यासक तेथे बोट दाखवू लागले.

आपल्या हातून होण्याजोगी कामे लहान आहेत. आजोबांच्या ट्रंकेतील स्मरणिका युनिकोडमध्ये टंकित करावी. लेखात कोणाचा आधार घेतला असेल तर त्याचे नाव सांगून त्याच्या पानाचा दुवा द्यावा. लंडन, टोकियो, न्यू जर्सी येथील आपल्या मंडळांचे लेखन वाचून, पटले तर तसे लिहावे, न पटले तरी दुवा देऊन प्रतिवाद करावा. शीर्षक मराठीत असले तरी रोमन लिपीतील प्रचलित रूपही पानावर असावे, कारण येथे वाढलेली आपली मुले देवनागरीत शोधत नाहीत. येथील विहारांना आपल्या कार्यक्रमांचे निमंत्रण धाडावे आणि त्यांच्या वेसाक सोहळ्याची वार्ता आपण द्यावी; ओळख वाढली की उल्लेख आपसूक होतो.

'मूकनायक'ला १९२० मध्ये विकतची जागा मिळाली नाही. आज त्या नावाने शोध घेतला तर वाचनालये, विद्यापीठे, अभ्यासक आणि कार्यकर्ते यांनी उभी केलेली असंख्य पाने समोर येतात, आणि त्या नकाराची हकिगतही त्यांत असते. ही जागा वाचकांनी दिलेली आहे, आणि ती देणाऱ्यांत आपणही आहोत. गंगाधर पानतावणे यांनी बाबासाहेबांच्या पत्रकारितेवर ग्रंथ लिहिला तेव्हा शोधयंत्र नव्हते. त्यांनी जुने अंक शोधले, वाचले आणि त्यांचा हवाला दिला. आमच्या पुढील अंकासाठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने निदान एका विस्मृत आंबेडकरी पत्राचा, पुस्तिकेचा वा स्मरणिकेचा असाच हवाला द्यावा, अशी आमची विनंती आहे.